डेव्हिड पटनम : पडद्यावर कधीच न दिसलेला माणूस (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे डेव्हिड पटनम कोण? नाव ऐकल्यासारखं वाटत नाही.

नाव ऐकलं नसेल, पण सिनेमे ठाऊक असतील. समुद्रकिनाऱ्यावर पांढऱ्या कपड्यांतली मुलं अनवाणी, संथगतीनं धावतात आणि मागे सिंथेसायझरची ती धून वाजते, तो ‘चॅरिअट्स ऑफ फायर’. कंबोडियातला नरसंहार जगाच्या पडद्यावर आणणारा ‘द किलिंग फील्ड्स’. धबधब्यावरून वाहून जाणारा क्रूस ज्यात आहे तो ‘द मिशन’. तिघांचे दिग्दर्शक एक नाहीत, लेखक वेगळे, देश वेगळे. समान धागा एकच, निर्माता डेव्हिड पटनम. जन्म २५ फेब्रुवारी १९४१, लंडनच्या उत्तरेकडचं साउथगेट.

आणि नाही, त्यांचा आंध्रशी काही संबंध नाही. आडनावावरून विशाखापट्टणम आठवणारे तुम्ही पहिले नाही.

‘गांधी’ यांनीच काढला ना?

नाही. हा घोळ फार जण करतात आणि त्याला कारणही आहे. ‘चॅरिअट्स ऑफ फायर’ला मार्च १९८२ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं आणि पुढच्याच वर्षी, एप्रिल १९८३ मध्ये, ते ‘गांधी’ला मिळालं. सलग दोन वर्षं ब्रिटिश चित्रपट. शिवाय दोन्हीकडे गोल्डक्रेस्ट या लंडनच्या कंपनीचा हात होता. पण ‘गांधी’ हा रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचा. निर्मिती आणि दिग्दर्शन दोन्ही त्यांचंच, आणि त्यामागे त्यांनी वीस वर्षं घालवली होती.

आपल्याला जवळची एक गंमत मात्र इथे आहे. १९८२ साली वेशभूषेचं ऑस्कर ‘चॅरिअट्स’साठी मिलेना कॅनोनेरो यांना मिळालं. पुढच्या वर्षी तेच ऑस्कर जॉन मोलो यांच्यासोबत कोल्हापूरच्या भानू अथैया यांच्या हातात आलं. ऑस्कर जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय.

निर्माता म्हणजे पैसे घालणारा ना? मग त्याचं एवढं कौतुक कशाला?

खरा प्रश्न हाच आहे, आणि हे पान लिहायचं कारणही तेच.

आपल्याकडे ‘निर्माता’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो घर नाहीतर जमीन गहाण टाकून सिनेमा काढणारा, नंतर डोक्याला हात लावून बसलेला माणूस. ती प्रतिमा उगाच आलेली नाही. दादासाहेब फाळक्यांनी विमा पॉलिसी गहाण टाकली तेव्हापासून तिला आधार आहे. पण पटनम यांनी स्वतःच्या खिशातून सिनेमे काढले नाहीत. तेवढे पैसे त्यांच्याकडे नव्हतेच. त्यांचं काम असं चाले : एखादी गोष्ट सापडली, वर्तमानपत्रातला लेख, जुन्या पुस्तकातली चार ओळींची नोंद, काहीही, तर ती लिहायला योग्य लेखक शोधायचा. मग दिग्दर्शक. मग हा लेखक, हा दिग्दर्शक, एवढा खर्च असा मसुदा घेऊन दारोदार फिरायचं. पैसे आले की चित्रीकरणाच्या काळात दिग्दर्शकाला बाहेरच्या दडपणापासून वाचवायचं आणि त्याच वेळी त्याला बजेटच्या कुंपणातही ठेवायचं. मग संकलनाच्या टेबलावर भांडायचं. शेवटी वितरकाशी भांडायचं.

लग्नघरात एक काका असतात ना, हॉल, आचारी, भटजी, रुसलेली आत्या सगळं सांभाळणारे, आणि अल्बममध्ये एकाही फोटोत नसलेले? तसं. फरक एवढाच की वर-वधूही याच काकांनी निवडलेले असतात.

सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर दिग्दर्शकाच्या नव्हे, निर्मात्याच्या हातात देतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

शिक्षण काय? सिनेमाचं घराणं होतं का?

घराणं फोटोचं. वडील लेन पटनम वृत्तछायाचित्रकार होते आणि दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या चित्रण पथकात होते. आई ज्यू वंशाची. शाळेत डेव्हिडचं मन रमलं नाही, सोळाव्या वर्षी शाळा सोडली आणि जाहिरातीच्या धंद्यात अगदी खालच्या पायरीवर लागले. विशीत लग्न झालं, पोरंबाळं झाली, म्हणजे चित्रपटाचं भूत अंगात येण्याआधी घर चालवायची जबाबदारी आली होती. त्यांच्या सिनेमांचे हिशेब नेटके का असत, याचं मूळ मला तिथे दिसतं.

जाहिरातीतून सिनेमात, हा प्रवास एवढा महत्त्वाचा का मानतात?

कारण ते एकटे आले नाहीत, अख्खी टोळी घेऊन आले.

साठच्या दशकात लंडनमध्ये कॉलेट डिकन्सन पिअर्स नावाची जाहिरात कंपनी होती. तिथे एका छताखाली कोण होतं पाहा : पटनम, कॉपी लिहिणारे अ‍ॅलन पार्कर आणि पुढे जाहिरात साम्राज्य उभारणारे चार्ल्स साची. ब्रिटनमध्ये व्यापारी टीव्ही १९५५ मध्ये सुरू झाला होता आणि तीस सेकंदांच्या जाहिराती करून हात बसलेली दिग्दर्शकांची एक पिढी तयार होत होती. प्रकाशयोजना ठाऊक, वेळेची शिस्त ठाऊक, पण पूर्ण लांबीचा सिनेमा कुणी देईना. ‘साबणाच्या जाहिराती करणारे’ म्हणून चित्रपटवाले नाक मुरडत.

पटनम यांनी पुढे हीच माणसं उचलली. अ‍ॅलन पार्कर यांचा चित्रपटगृहासाठीचा पहिला चित्रपट ‘बग्सी मलोन’ (१९७६), रिडली स्कॉट यांचा पहिला ‘द ड्युएलिस्ट्स’ (१९७७), एड्रियन लाइन यांचा पहिला ‘फॉक्सेस’ (१९८०), ह्यू हडसन यांचा पहिला कथाचित्रपट ‘चॅरिअट्स ऑफ फायर’ (१९८१). चारही जाहिरातीतले, चारही पटनम यांच्याकडे. रिडली स्कॉट तेव्हा चाळिशीला टेकले होते. आज त्यांना ‘एलियन’ आणि ‘ग्लॅडिएटर’साठी ओळखतात. पण त्यांना पहिलं दार कुणी उघडलं हे विचारलं तर उत्तर पटनम असं येतं.

मधल्या काळात पटनम यांनी डेव्हिड बेलीसारख्या नावाजलेल्या छायाचित्रकारांचे एजंट म्हणून काम केलं. दुसऱ्याची कला विकायची, त्याचे नखरे सांभाळायचे आणि पैसे वेळेवर वसूल करायचे. निर्मात्याचा याहून चांगला अभ्यासक्रम कुठल्या विद्यापीठात नसेल.

पहिला सिनेमा चालला का?

घरी सपशेल पडला आणि जपानमध्ये तुफान चालला! ‘मेलडी’ (१९७१). शाळेतली दोन मुलं जाहीर करतात की आम्हाला लग्न करायचंय, आणि मोठे झाल्यावर नाही, आत्ताच. पटनम यांनी आधी बी जीज या गटाच्या गाण्यांचे हक्क मिळवले, मग अ‍ॅलन पार्करला त्या गाण्यांभोवती पटकथा लिहायला बसवलं. दिग्दर्शक होते वारिस हुसेन, जन्म लखनौचा. ब्रिटन आणि अमेरिकेत कुणी फिरकलं नाही. जपानी प्रेक्षकांनी मात्र तो डोक्यावर घेतला, आणि त्या एका देशामुळे पटनम यांचं खातं बुडता बुडता वाचलं.

त्यानंतर सँडी लीबरसन यांच्या भागीदारीत ‘दॅट्ल बी द डे’, ‘स्टारडस्ट’ आणि केन रसेल यांचे संगीतकारांवरचे दोन चक्रम चित्रपट आले. ‘लिस्टोमेनिया’ पाहिला नसेल तर फार काही बिघडलं नाही.

लहान मुलांचा गँगस्टर सिनेमा तो हाच का?

हो, ‘बग्सी मलोन’. १९२९ च्या सुमाराचं न्यूयॉर्क, टोपीवाले गुंड, नाचगाण्याचे अड्डे, आणि सगळ्या भूमिका मुलांच्या. बंदुकीतून गोळी नाही, क्रीम सुटतं. मोटारी पायडलवर चालतात. अ‍ॅलन पार्कर स्वतःच्या मुलांना प्रवासात गोष्टी सांगत, त्यातून ही सुचली. तेरा वर्षांची जोडी फॉस्टर त्यात आहे. गाणी मोठ्यांच्या आवाजात आहेत, ते जरा कानाला खटकतं, पण खरी चूक म्हणावी असं त्यात दुसरं काही सापडत नाही.

‘मिडनाइट एक्स्प्रेस’बद्दल त्यांना नंतर वाईट वाटलं, हे खरं?

खरं. १९७८ चा हा चित्रपट म्हणजे तुर्कस्तानातून चरस बाहेर नेताना पकडलेल्या अमेरिकन तरुणाची तुरुंगकथा. दिग्दर्शक पार्कर, पटकथा ऑलिव्हर स्टोन. दोन ऑस्कर मिळाली, एक स्टोन यांच्या पटकथेला आणि एक जॉर्जिओ मोरोडर यांच्या संगीताला. गल्लाही भरला. पण त्यात एक प्रसंग आहे. नायक एका कैद्याची जीभ दातांनी तोडतो. पटनम यांची अपेक्षा होती की प्रेक्षक शहारेल. थिएटरात बसून पाहिलं तर लोक टाळ्या पिटत होते. आपण जे दाखवलं त्यानं माणसाच्या आतलं नेमकं काय जागं केलं, हा प्रश्न त्यांना बोचत राहिला.

तुर्की माणसांचं चित्रण एकांगी आहे ही टीका तेव्हाही झाली. खुद्द स्टोन यांनी पुढे तुर्कस्तानात जाऊन त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

पुढचा चित्रपट मात्र माणसातल्या चांगुलपणाचा असेल, हे पटनम यांच्या मनानं घेतलं होतं. विषय मिळत नव्हता एवढंच.

मग ‘चॅरिअट्स ऑफ फायर’चा विषय मिळाला कुठे?

आजारपणात. लॉस एंजेलिसला भाड्याच्या घरात फ्लूनं अंथरूण धरलं होतं. करमणुकीला काही नाही म्हणून घरमालकाच्या कपाटातलं ऑलिंपिकचा इतिहास सांगणारं पुस्तक चाळायला घेतलं. त्यात १९२४ च्या पॅरिस स्पर्धेची एक नोंद सापडली : एरिक लिडेल नावाच्या स्कॉटिश धावपटूनं रविवार हा प्रभूचा दिवस म्हणून १०० मीटरची शर्यत सोडली, आणि ४०० मीटरमध्ये सुवर्णपदक घेतलं. बस्स. एवढ्या चार ओळींवर चित्रपट उभा राहिला.

लेखन कॉलिन वेलंड यांच्याकडे गेलं. मूळचे चित्रकलेचे शिक्षक, नंतर नट, नंतर लेखक. त्यांनी शोध घेता घेता लिडेलच्या समोर दुसरा नायक उभा केला, हॅरॉल्ड अब्राहम्स. केंब्रिजचा ज्यू विद्यार्थी, मनात सल घेऊन धावणारा. एक देवासाठी धावतो, दुसरा स्वतःला सिद्ध करायला. कुठल्याही नाटककारानं हेवा करावा अशी ही जोडी आयती इतिहासात होती.

पैसे कुणी दिले?

ब्रिटनमधून जवळजवळ कुणी नाही, आणि हीच खरी शोकांतिका की विनोद ते तुम्ही ठरवा. इंग्रजांच्या अस्मितेचा मानबिंदू ठरलेला हा चित्रपट. पटकथेसाठी सुरुवातीची छोटी रक्कम गोल्डक्रेस्टनं दिली. चित्रीकरणाचा खर्च मात्र निम्मा अमेरिकेच्या ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सकडून आणि निम्मा इजिप्तच्या फायद कुटुंबाच्या अलाइड स्टार्सकडून आला. डोडी फायद हे त्याचे कार्यकारी निर्माते. होय, १९९७ मध्ये पॅरिसच्या बोगद्यात प्रिन्सेस डायनासोबत मरण पावले तेच.

निर्माता आणि पैसे देणारा यांत फरक काय, हे अजून स्पष्ट नसेल तर हे उदाहरण लक्षात ठेवा.

चित्रपटातलं सगळं खरं आहे का?

नाही, आणि फेरफार बारीकसारीकही नाहीत.

चित्रपटात लिडेलला बोटीवर चढताना कळतं की प्राथमिक फेरी रविवारी आहे. प्रत्यक्षात वेळापत्रक कित्येक महिने आधी माहीत होतं आणि त्यानं ४०० मीटरची तयारी शांतपणे केली होती. चित्रपटात अब्राहम्स आधी २०० मीटर हरतो आणि मग १०० जिंकतो. खरा क्रम उलटा होता. केंब्रिजमधल्या ट्रिनिटी कॉलेजच्या चौकात घड्याळाचे बारा ठोके पडेपर्यंत धावण्याची ती प्रसिद्ध शर्यत अब्राहम्सनं कधीच धावली नाही, ती गोष्ट दुसरे धावपटू लॉर्ड बर्ग्ली यांची, तीही १९२७ ची. बर्ग्लींनी आपलं नाव वापरू दिलं नाही, म्हणून लॉर्ड लिंडसे हे काल्पनिक पात्र आलं. ट्रिनिटीनंही चित्रीकरणाला नकार दिला, तो चौक म्हणजे ईटन ही शाळा आहे. किनारा केंटमधल्या ब्रॉडस्टेअर्सचा म्हणून दाखवलाय, तो स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा.

मला बोटीवरचा बदल सर्वांत कमी आवडतो. महिनोन्‌महिने आधी ठरवून, कुठलाही गाजावाजा न करता सोडलेली शर्यत ही आयत्या वेळच्या धर्मसंकटापेक्षा मोठी गोष्ट आहे. पण ती दाखवायला कठीण, हेही मान्य.

न बदललेली गोष्ट पडद्यावर फक्त शेवटच्या पाटीत येते. लिडेल चीनमध्ये मिशनरी झाला आणि १९४५ मध्ये जपान्यांच्या वाइश्येन छावणीत कैदेत असताना वारला.

ती धून कुणाची?

ग्रीक संगीतकार वँजेलिस यांची. १९२४ च्या गोष्टीला इलेक्ट्रॉनिक संगीत ही कल्पनाच तेव्हा वेडगळ वाटली होती. त्या काळाचं म्हणजे बँड, पियानो, कॉयर असं काही अपेक्षित होतं. मे १९८२ मध्ये ती धून अमेरिकेच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर गेली. लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात २०१२ मध्ये मिस्टर बीननं एका बोटानं वाजवली तीही हीच. आमच्या शाळेच्या क्रीडामहोत्सवात दरवर्षी संचलनाला लावत आणि सिनेमाचं नाव एकाही सरांना माहीत नव्हतं.

‘ब्रिटिश येताहेत’ ही काय भानगड?

ऑस्करच्या रात्रीची. ‘चॅरिअट्स’ला चार मिळाली : चित्रपट, मूळ पटकथा, संगीत, वेशभूषा. समोर वॉरन बीटींचा ‘रेड्स’ आणि स्पीलबर्ग यांचा ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ होता, त्यामुळे निकाल धक्कादायकच होता. पटकथेचं पारितोषिक घेताना वेलंड यांनी व्यासपीठावरून आरोळी ठोकली, ब्रिटिश येताहेत! वर्षभरानं ‘गांधी’ला आठ ऑस्कर मिळाल्यावर लंडनमध्ये खरंच वाटू लागलं की आलेच.

मग गोल्डक्रेस्टनं हात सैल सोडला. ह्यू हडसन यांचा ‘रेव्होल्यूशन’ (१९८५), अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धावरचा, अल पचिनोला घेऊन काढलेला, प्रचंड खर्चाचा, दाणकन आपटला. ‘अ‍ॅब्सोल्यूट बिगिनर्स’नंही कंबरडं मोडलं. १९८७ मध्ये कंपनी विकली गेली. वेलंड यांची आरोळी पुढे आयुष्यभर त्यांना ऐकवली गेली.

‘लोकल हीरो’ इतका गाजलेला का नाही?

गाजण्याचा त्याचा स्वभावच नाही. टेक्सासमधल्या तेल कंपनीचा माणूस स्कॉटलंडमधलं अख्खं गाव विकत घ्यायला येतो, आणि गावकरी विरोध करण्याऐवजी किती मिळतील याचा हिशेब करत बसतात. कोकणात जमिनीचे दलाल फिरू लागले तेव्हाची चर्चा ज्यांनी ऐकली असेल त्यांना हा चित्रपट फार ओळखीचा वाटेल. दिग्दर्शक बिल फोर्साइथ, संगीत मार्क नॉफ्लर, आणि कंपनीच्या मालकाच्या भूमिकेत बर्ट लँकेस्टर. गाव म्हणजे पेनन. तिथल्या लाल टेलिफोनच्या खोक्याचं दर्शन घ्यायला अजून लोक जातात, जरी पडद्यावरचं खोकं सेटसाठी बनवलेलं होतं.

‘द किलिंग फील्ड्स’ची गोष्ट काय? निर्माता म्हणून त्यांचं सर्वांत मोठं काम कोणतं मानायचं?

माझ्या मते हेच, ‘चॅरिअट्स’ नव्हे.

जानेवारी १९८० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात सिडनी शॅनबर्ग या पत्रकाराचा दीर्घ लेख आला. विषय, त्यांचा कंबोडियन सहकारी डिथ प्रान. १९७५ मध्ये ख्मेर रूज या कंबोडियातल्या कट्टर कम्युनिस्ट संघटनेनं राजधानी नॉम पेन्ह घेतली तेव्हा शॅनबर्ग बाहेर पडू शकले, प्रान अडकले. चार वर्षं अशिक्षित माणसाचं सोंग घेऊन, उपाशी राहून ते जगले आणि १९७९ मध्ये थायलंडच्या हद्दीत पोहोचले. पटनम यांनी त्या लेखाचे हक्क मिळवले.

आता निर्मात्याचे निर्णय बघा. पटकथा ब्रूस रॉबिन्सन यांना दिली, ज्यांची एकही पटकथा तोवर पडद्यावर आलेली नव्हती. दिग्दर्शन रोलँड जॉफे यांना, ज्यांनी टीव्ही आणि नाटकं केली होती पण चित्रपट एकही नाही. आणि प्रानच्या भूमिकेत हाइंग न्गोर, ज्यांनी आयुष्यात अभिनय केला नव्हता. ते डॉक्टर होते, प्रसूतितज्ज्ञ, आणि स्वतः ख्मेर रूजच्या छळछावण्यांतून वाचलेले. शिकलेला माणूस म्हणजे मरण, म्हणून त्यांनी डॉक्टर असल्याचं लपवलं होतं. त्यांच्या पत्नीला छावणीत बाळंतपणात त्रास झाला तेव्हाही ते डॉक्टर म्हणून हात लावू शकले नाहीत, आणि ती त्यांच्यासमोर गेली. हा माणूस निवडपथकाला लॉस एंजेलिसमधल्या कंबोडियन लोकांच्या एका लग्नात भेटला.

तीन नवखे, एक परका देश आणि असा विषय. कुठलाही शहाणा हिशेबनीस म्हणेल, नको. कंबोडियात चित्रीकरण शक्य नव्हतं, ते थायलंडमध्ये झालं.

१९८५ च्या मार्चमध्ये न्गोर यांना सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. छायाचित्रणासाठी क्रिस मेंगेस आणि संकलनासाठी जिम क्लार्क यांनाही. न्गोर १९९६ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये आपल्या घराबाहेर गोळी लागून मेले. ख्मेर रूजमधून वाचलेला माणूस.

पटनम यांचं कंबोडियाशी नातं चित्रपटापाशी तुटलं नाही. २०१२ नंतर ते व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया आणि म्यानमारसाठी ब्रिटनचे व्यापारदूत होते.

आणि ‘द मिशन’?

१९८६, फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार, पाम द’ओर. पुन्हा जॉफे आणि मेंगेस, पटकथा रॉबर्ट बोल्ट, नट रॉबर्ट डी नीरो आणि जेरेमी आयर्न्स. अठराव्या शतकातल्या दक्षिण अमेरिकेतले जेझुइट धर्मप्रसारक आणि ग्वारानी आदिवासी. गोष्ट उत्तरार्धात ढेपाळते, पण एन्यो मोरिकोने यांचं संगीत आणि इग्वासूचे धबधबे सगळं माफ करायला लावतात. ऑस्कर एकच, छायाचित्रणाचं.

हॉलिवूडच्या स्टुडिओचे ते प्रमुख झाले होते म्हणे. मग हाकललं का?

१९८६ मध्ये त्यांना कोलंबिया पिक्चर्सचं अध्यक्षपद मिळालं. अमेरिकी स्टुडिओच्या गादीवर इंग्रज बसणं ही तेव्हा नवलाईच होती. कोलंबिया होती कोकाकोलाच्या मालकीची. सरबत विकणाऱ्यांना वाटलं असावं, ऑस्करवाला माणूस आहे, प्रतिष्ठा येईल.

पटनम आले ते सुधारकाच्या आवेशात. नटांचे मानधन अवाच्या सवा झालेत, एजंटांनी धंदा ताब्यात घेतलाय, चित्रपटाला सामाजिक जबाबदारी असते, हे सगळं ते जाहीरपणे बोलत. मुद्दे चुकीचे नव्हते. पण नव्या सुनेनं पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघराची मांडणी बदलावी आणि सासूच्या मसाल्यांवर भाषण द्यावं, तसं झालं. ‘घोस्टबस्टर्स’चा दुसरा भाग म्हणजे स्टुडिओची हमखास कमाई, पण त्यावरून त्यातला नट बिल मरेशी बिनसलं. ‘इश्तार’ हा बीटी आणि डस्टिन हॉफमन यांचा अफाट खर्चाचा चित्रपट त्यांच्या आधीच सुरू झालेला, तो गळ्यात पडला. या दोघांशीही जुनं वितुष्ट होतं : ‘अगाथा’ या चित्रपटाच्या वेळी हॉफमनशी खटका उडाला होता आणि ‘रेड्स’च्या खर्चावर पटनम जाहीरपणे बोलले होते. ‘इश्तार’ पडला, तेव्हा तुम्हीच तो वाऱ्यावर सोडलात असा आरोप झाला. शिवाय रे स्टार्क यांच्यासारखा स्टुडिओत मुरलेला निर्माता दुखावला गेला.

सप्टेंबर १९८७ मध्ये, जेमतेम वर्षभरात, ते बाहेर पडले.

आता मजा बघा. त्यांच्या कारकिर्दीत कोलंबियानं घेतलेल्या चित्रपटांत बर्तोलुची यांचा ‘द लास्ट एम्परर’ होता, निर्माते दुसरे इंग्रज, जेरेमी थॉमस. एप्रिल १९८८ मध्ये त्याला नऊ नामांकनांपैकी नऊ ऑस्कर मिळाली. तोवर पटनम यांची खुर्ची दुसऱ्याची झाली होती.

माझं मत विचाराल तर, जो गुण निर्मात्याला तारतो तोच स्टुडिओप्रमुखाला बुडवतो. निर्मात्यानं एका चित्रपटासाठी साऱ्या जगाशी भांडायचं असतं. स्टुडिओप्रमुखाला वर्षाला वीस चित्रपट लागतात आणि उद्या पुन्हा त्याच लोकांची तोंडं पाहायची असतात.

त्यानंतर सिनेमे केले का?

केले. ‘मेम्फिस बेल’, ‘मीटिंग व्हीनस’, ‘वॉर ऑफ द बटन्स’ वगैरे. ‘मेम्फिस बेल’ ठीक. बाकीच्यात जुनी धार नाही. नव्वदच्या दशकाअखेरीस त्यांनी चित्रपटनिर्मिती थांबवली, वय साठच्याही आत.

‘लॉर्ड पटनम’ म्हणतात ते वंशपरंपरेनं का?

नाही. १९९५ मध्ये नाइट हा किताब, १९९७ मध्ये हयातीपुरतं लॉर्डपद, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहात, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, मजूर पक्षाच्या बाकांवर जागा. आपल्या राज्यसभेवर नेमलेल्या कलावंतांची हजेरी हा विनोदाचा विषय असतो, यांचं तसं नव्हतं. २००२ मध्ये प्रसारमाध्यमांवरच्या विधेयकाची छाननी करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. माध्यमकंपन्यांच्या विलीनीकरणात सार्वजनिक हित तपासायची तरतूद २००३ च्या कायद्यात आली, त्यामागे त्यांचा रेटा होता. रूपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीनं २०१० मध्ये बीस्कायबी ही उपग्रह टीव्ही कंपनी पूर्ण ताब्यात घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा सरकारनं सार्वजनिक हिताच्या मुद्द्यावरच हस्तक्षेप केला. हवामानबदल विधेयकाच्या मसुद्यावरच्या समितीचंही अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं.

२००७ ते २०१४ ते ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचे कुलपती होते. सोळाव्या वर्षी शाळा सोडलेला मुलगा, आणि शाळा सुटलेल्यांसाठीच्या विद्यापीठाचा कुलपती. आपल्या नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची कल्पना ज्या घरची, ते हे घर.

२०२१ मध्ये त्यांनी हाउस ऑफ लॉर्ड्समधून निवृत्ती घेतली. बरीच वर्षं आयर्लंडमध्ये, कॉर्कच्या पश्चिमेला स्किबरीन इथे राहतात.

एकूण ऑस्कर किती?

त्यांच्या स्वतःच्या नावावर एक, ‘चॅरिअट्स’चं. नामांकनं चार : ‘मिडनाइट एक्स्प्रेस’, ‘चॅरिअट्स’, ‘किलिंग फील्ड्स’, ‘मिशन’. या चारही चित्रपटांची मिळून दहा. बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट अकादमीची फेलोशिप २००६ मध्ये.

एकच पाहायचा असेल तर कोणता?

रविवारची दुपार असेल आणि घरात मुलं असतील तर ‘बग्सी मलोन’. एकटे असाल, पाऊस असेल, तर ‘लोकल हीरो’. ‘किलिंग फील्ड्स’ जेवणानंतर लावू नका, आणि तो पाहिल्यावर लगेच दुसरं काही लावू नका. ‘चॅरिअट्स’ची सुरुवात यूट्यूबवर पाहून समाधान मानणारे पुष्कळ आहेत. त्यांनी निदान तो प्रसंग तरी बघावा जिथे अब्राहम्सचा प्रशिक्षक मुसाबिनी, व्यावसायिक म्हणून मैदानात मज्जाव असलेला, हॉटेलच्या खोलीच्या खिडकीतून ब्रिटनचा झेंडा वर चढताना पाहतो आणि आपल्या हॅटमधून मूठ आरपार घालतो. शर्यत त्याला दिसलेलीच नसते.